पशुखाद्यात मिसळलेली अमिनो आम्ले मोजण्याच्या पद्धती : नमुना पाठवणाऱ्याच्या बाजूने एक परीक्षण

एक टन कोंबडीखाद्यात दोन किलो लायसीन हायड्रोक्लोराइड (लायसीन या अमिनो आम्लाचा क्षार) खरोखरच पडले आहे की नाही, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण प्रयोगशाळेला तो नीट विचारला नाही, तर प्रमाणित आणि काटेकोरपणे राबवलेल्या पद्धतीनेही त्याचे निरुपयोगी उत्तर मिळते. खाद्याची सूत्रे बांधणे आणि माल त्या सूत्राप्रमाणे निघाला का हे पाहणे, हे माझे काम असल्यामुळे या तपासणीच्या बहुतेक पद्धतींचे अहवाल माझ्या टेबलावर येऊन गेले आहेत. हे परीक्षण नमुना पाठवणाऱ्याच्या आणि अहवालावर निर्णय घेणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे. यंत्रे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत प्रत्येक पद्धत सर्वोत्तमच असते, त्यामुळे त्यांची भर येथे घालण्याचे कारण नाही.

सर्वांत आधी त्या तपासणीविषयी, जी बहुतेक जण सवयीने मागवतात आणि जी या कामासाठी बहुतेक वेळा चुकीची असते. ‘लायसीनची तपासणी करून द्या’ एवढेच लिहून नमुना पाठवला की प्रयोगशाळा साधारणपणे एकूण लायसीन मोजते. त्यासाठी खाद्य सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास उकळले जाते. प्रथिनांचे सर्व दुवे तुटतात आणि मका, सोयाबीन पेंड, मासळीची पूड आणि पिशवीतून ओतलेले लायसीन असे सगळे एकाच द्रावणात एकत्र येते. सूत्राचा एकूण अमिनो आम्ल ताळेबंद पाहायचा असेल तर हीच योग्य पद्धत आहे, आणि युरोपीय आयोगाच्या २००९ सालच्या १५२ क्रमांकाच्या नियमात, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २००५ सालच्या १३९०३ या मानकात आणि एओएसी या विश्लेषकांच्या संस्थेच्या ९९४.१२ या पद्धतीत तिचे तपशील फार काळजीपूर्वक दिलेले आहेत. परंतु मिसळलेले लायसीन पडले की नाही, हे तिच्यातून का कळत नाही, ते साध्या हिशेबाने पाहता येते. खाद्यात एकूण लायसीन १.२० टक्के आहे असे धरू. टनाला दोन किलो लायसीन हायड्रोक्लोराइड म्हणजे, त्या मालात ७८.८ टक्के लायसीन असल्यामुळे, साधारण ०.१६ टक्का लायसीन. आता मिश्रण करणाऱ्याने चुकून निम्मेच घातले, तर एकूण आकडा १.२० वरून १.१२ वर येईल. म्हणजे घातलेल्या घटकात पन्नास टक्क्यांची चूक झाली आणि अहवालातला आकडा जेमतेम साडेसहा टक्क्यांनी हलला. सोयाबीन पेंडीची एक गाडी थोडी बरी आली, मोजणीची स्वाभाविक अनिश्चितता थोडी वरच्या बाजूला गेली, की ही चूक त्यात पूर्ण झाकली जाते. मी स्वतः असे अहवाल ‘समाधानकारक’ असा शेरा मारून फाइलला लावलेले आहेत, हे कबूल केले पाहिजे.

त्याच १३९०३ मानकात आणि त्याच युरोपीय नियमात मुक्त, म्हणजे प्रथिनांत न बांधलेल्या, अमिनो आम्लांसाठी वेगळी वाट दिलेली आहे, आणि या परीक्षणात माझी पहिली पसंती निःशंकपणे तिला आहे. तिच्यात काहीही उकळत नाहीत. खाद्याचे एक ते पाच ग्रॅम घेऊन ते ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर हलवतात. मिसळलेले लायसीन, मेथिओनीन, थ्रिओनीन पाण्यात विरघळणारे असल्यामुळे द्रावणात उतरतात आणि प्रथिनांत बांधलेली अमिनो आम्ले बहुतांशी जागेवरच राहतात. विरघळून आलेली थोडी प्रथिने सल्फोसॅलिसिलिक आम्लाने खाली बसवतात, द्रावण गाळतात, पीएच २.२० वर आणतात आणि ते यंत्रात सोडतात. या अर्कातल्या आकड्यात धान्याचे आणि पेंडीचे स्वतःचे मुक्त लायसीन असते, पण ते अल्प असते, आणि मिसळण न घातलेल्या त्याच खाद्याचा एक नमुना सोबत पाठवला तर ते वजाही करता येते. वरच्या उदाहरणातली निम्म्याची चूक इथे ०.१६ ऐवजी ०.०८ अशी ठळक उमटते. इतक्या साध्या निष्कर्षणाला प्रयोगशाळा दुय्यम काम समजतात आणि चोवीस तासांच्या उकळणीला भारदस्त मानतात, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

यंत्राच्या बाजूला आयन-विनिमय क्रोमॅटोग्राफी, म्हणजे भरलेल्या नळीतून (स्तंभातून) द्रावण सोडून घटक वेगळे करणे, आणि स्तंभातून बाहेर पडल्यावर निनहायड्रिन या रंग देणाऱ्या रसायनाशी अभिक्रिया, ही जुनी जोडी आहे. १९५८ साली स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी हे काम आपोआप करणारे यंत्र मांडले. स्टाइन आणि मूर यांना पुढे १९७२ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो मात्र रायबोन्यूक्लिएज या विकरावरील कामासाठी. या पद्धतीत सोडियम सायट्रेटच्या बफरने अमिनो आम्ले एकामागून एक बाहेर येतात, निनहायड्रिनबरोबर जांभळा रंग देतात आणि तो रंग ५७० नॅनोमीटरवर मोजला जातो. प्रोलीनचा रंग पिवळा येत असल्यामुळे तेवढ्यासाठी ४४० नॅनोमीटर वापरतात. एका नमुन्याला तास-दीड तास लागतो, हा तिचा सर्वांत मोठा दोष म्हणून सांगितला जातो. माझ्या दृष्टीने हा दोष क्षुल्लक आहे, कारण खाद्याचा अर्क कितीही गढूळ, खारट आणि रंगीत असला तरी अमिनो आम्ले आधी वेगळी होतात आणि रंग नंतर चढतो. त्यामुळे अर्कातली साखर, मीठ किंवा सूक्ष्म खनिजे रंगाच्या अभिक्रियेच्या आड येत नाहीत. अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे मोजणी पडताळण्यासाठी ठरावीक प्रमाणात, नॉरल्युसीन घातले असेल आणि त्याचा आकडा अहवालात दाखवलेला असेल, तर मी तो अहवाल जवळजवळ डोळे मिटून स्वीकारतो. पाहायचेच असेल तर लायसीनचा आणि अमोनियाचा शिखरबिंदू एकमेकांपासून नीट सुटे आहेत ना, हे आलेखावर पाहावे. अमोनियम क्षार असलेल्या खाद्यात हे दोन शेजारी एकमेकांच्या अंगावर येतात.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. ती म्हणजे नमुना दळणे. एकूण अमिनो आम्लांसाठी प्रयोगशाळा साधारण दहा मिलिग्रॅम नायट्रोजन असेल इतकाच नमुना घेते, म्हणजे वीस टक्के प्रथिने असलेल्या खाद्याचे जेमतेम ०.३ ग्रॅम. टनाला दोन किलो या प्रमाणात त्या चिमटीत लायसीन हायड्रोक्लोराइड असते ०.६ मिलिग्रॅम. एक मिलिमीटर व्यासाच्या एका गोल दाण्याचे वजनही साधारण तेवढेच भरते. याचा अर्थ असा की नमुना नीट दळला नसेल, तर त्या चिमटीत लायसीनचा एक दाणा आला की लायसीन योग्य, दोन आले की दुप्पट आणि एकही आला नाही की शून्य. म्हणून नियमात नमुना ०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करायला सांगितले आहे. अर्ध्या मिलिमीटरचा दाणा धरला, तरी ०.३ ग्रॅममध्ये असे सात-आठच दाणे बसतात, आणि पाच ग्रॅमच्या अर्कात मात्र ते सव्वाशेच्या घरात जातात. निव्वळ योगायोगाने येणारा चढउतार यामुळे किती कमी होतो, हे आकडेवारीचा गंध असलेल्या वाचकाला सांगायला नको. मुक्त अमिनो आम्लांच्या पद्धतीला माझी पसंती असण्याचे हे दुसरे कारण आहे, आणि कदाचित पहिल्यापेक्षा जास्त वजनदार. ‘दोनदा तपासले, दोन वेगळे आकडे आले, तुमची प्रयोगशाळा बेभरवशाची आहे’ अशी तक्रार मी एकदा केली होती; पुढे लक्षात आले की आम्ही पाठवलेला नमुना दाणेदार लायसीन सल्फेटचा होता आणि तो न दळता दोन भागांत वाटला गेला होता. तक्रार अर्थातच मागे घ्यावी लागली.

पिशवीतल्या कच्च्या मालाची परीक्षा ही वेगळी गोष्ट आहे, कारण तेथे शुद्धता जवळजवळ शंभर टक्के अपेक्षित असते आणि निकालाची घाईही असते. येथे सर्वाधिक वापर टायट्रेशनचा, म्हणजे अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत किती द्रावण लागले ते मोजण्याचा, होतो : लायसीन हायड्रोक्लोराइड ग्लेशियल असेटिक आम्लात विरघळवायचे, क्लोराइड बाजूला करण्यासाठी मर्क्युरिक असेटेट घालायचे आणि परक्लोरिक आम्लाने टायट्रेट करायचे. पारा असल्यामुळे नंतरच्या कचऱ्याची विल्हेवाट ही कटकट आहे, आणि तो टाळणाऱ्या उलट टायट्रेशनच्या पद्धतीही आहेत. काम स्वस्त, झटपट आणि आकडा अतिशय स्थिर. परंतु हा आकडा ‘हे लायसीनच आहे’ असे कधीच सांगत नाही. ग्लायसीनसारखे दुसरे अमिनो आम्लही परक्लोरिक आम्ल तसेच पिते, आणि ग्लायसीनचा रेणू लहान असल्यामुळे ग्रॅमला जास्त पिते. हिशेबाने ८१ भाग ग्लायसीन आणि १९ भाग स्टार्च यांचे मिश्रण या टायट्रेशनमध्ये ९८.५ टक्के शुद्ध लायसीन हायड्रोक्लोराइड म्हणून सहज पास होईल. नायट्रोजनवरून शुद्धता काढणे तर याहून भोळेपणाचे आहे. लायसीन हायड्रोक्लोराइडमध्ये नायट्रोजन सुमारे १५.३ टक्के, युरियात ४६.६ टक्के; एक तृतीयांश युरिया आणि बाकी काहीही, एवढ्यावर नायट्रोजन मोजणारी केल्डालची नळी समाधान मानते. नायट्रोजनचा आकडा फुगवण्यासाठी मेलामाइन घालण्याचे प्रकार २००७ साली पाळीव प्राण्यांच्या खाद्यात आणि २००८ साली चीनमधील दूध पावडरीत उघड झाले, त्यानंतरही एखाद्या पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर फक्त नायट्रोजनवरून काढलेली शुद्धता दिसते, तेव्हा मी ते प्रमाणपत्र परत पाठवतो.

व्यावसायिक अमिनो आम्लांसाठी आणि तीव्र प्रीमिक्ससाठी (खाद्यात घालायच्या पूरक घटकांच्या तयार मिश्रणासाठी) आयएसओ १७१८० हे २०१३ सालचे मानक लायसीन, मेथिओनीन आणि थ्रिओनीन या तिघांकरिता आहे, आणि एओएसीची ९९९.१३ ही पद्धतही याच कामाची आहे. माल सौम्य आम्लात विरघळवून त्याच क्रोमॅटोग्राफीवर मोजायचा, इतके ते सरळ आहे. किण्वनातून येणाऱ्या लायसीन सल्फेटसाठी तर याखेरीज पर्याय नाही. त्या मालात जिवाणूंचा वाळलेला भाग आणि त्याची प्रथिने मुद्दामच ठेवलेली असतात, त्यामुळे टायट्रेशन आणि नायट्रोजन दोन्ही त्याच्यावर निरर्थक आकडे देतात. ही सर्व मानके एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगतात : ती अमिनो आम्लाच्या डी आणि एल या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या रूपांत भेद करत नाहीत, आणि क्षार कोणता हेही ओळखत नाहीत. मेथिओनीनच्या बाबतीत पहिल्या मर्यादेने फारसे बिघडत नाही, कारण तो माल मुळातच डीएल मिश्रण असतो आणि प्राण्याचे शरीर डी रूपाचे एल रूपात रूपांतर करून घेते. लायसीन आणि थ्रिओनीनचे डी रूप मात्र प्राण्याला उपयोगी पडत नाही, म्हणून नव्या पुरवठादाराच्या मालाचे प्रकाशीय घूर्णनही (ध्रुवित प्रकाश किती वळतो तेही) तपासून घेणे बरे. पोलॅरिमीटरवर पाच मिनिटांचे काम आहे.

मेथिओनीनच्या नावाखाली एक वेगळाच पदार्थ वावरतो, आणि त्याने मला एकदा चांगलेच अडचणीत आणले. खाद्यात टनाला ठरल्याप्रमाणे मेथिओनीनचा स्रोत पडला होता, मिश्रणाची नोंद स्पष्ट होती, आणि अहवालात मुक्त मेथिओनीन ‘आढळले नाही’ असे आले. गोदामातल्या माणसावर संशय घेण्यापर्यंत मजल गेल्यावर उलगडा झाला की त्या महिन्यात मेथिओनीनऐवजी त्याच्यासारखाच असलेला द्रवरूप हायड्रॉक्सी अ‍ॅनालॉग वापरला गेला होता. या रेणूत अमिनो गटाच्या जागी हायड्रॉक्सिल असतो. अमिनो गट नाही म्हणजे निनहायड्रिनला तो दिसतच नाही. युरोपीय पद्धतीच्या पहिल्याच परिच्छेदांत ही पद्धत हायड्रॉक्सी अ‍ॅनालॉगसाठी नाही असा इशारा आहे, पण तो आम्हीही वाचला नव्हता आणि प्रयोगशाळेनेही ‘मेथिओनीनचा कोणता स्रोत?’ असे विचारले नव्हते. त्या द्रवाच्या शुद्धतेसाठी ऑक्सिडीकरण-क्षपणावर आधारलेले टायट्रेशन ठीक आहे. खाद्यात मोजायचे असेल तर वेगळी द्रव क्रोमॅटोग्राफी लागते, जिच्यात २१४ नॅनोमीटरच्या आसपास अतिनील शोषण पाहतात. येथे आणखी एक खाच आहे. ८८ टक्के म्हणून विकल्या जाणाऱ्या या द्रवात सुमारे ६५ टक्के एकेरी रेणू आणि सुमारे २३ टक्के एकमेकांना जोडलेले रेणू असतात. ते जोड अल्कलीने आधी तोडून घेतले नाहीत, तर पाव हिस्सा मोजणीतून सुटतो, आणि दोष पुन्हा मिश्रण करणाऱ्यावर येतो.

एकूण मेथिओनीनविषयीही दोन शब्द. साध्या आम्लातल्या उकळणीत मेथिओनीन आणि सिस्टीन टिकत नाहीत, म्हणून आधी शून्य अंशाला सोळा तास परफॉर्मिक आम्लात ठेवून त्यांचे स्थिर सल्फोन आणि सिस्टेइक आम्ल बनवून घेतात. ही पायरी वगळून दिलेला एकूण मेथिओनीनचा आकडा वाचण्याच्या लायकीचा नसतो.

ट्रिप्टोफॅनला आम्लातली उकळणी अजिबात सोसत नाही. ते नष्ट होते. त्यासाठी बेरियम हायड्रॉक्साइडच्या अल्कलीत उकळून, उलट-कलेच्या स्तंभावर वेगळे करून, प्रतिदीप्तीने मोजण्याची आयएसओ १३९०४ ही पद्धत आहे. मिसळलेले ट्रिप्टोफॅन मात्र येथेही सौम्य आम्लानेच काढता येते, आणि प्रतिदीप्ती इतकी संवेदनशील आहे की टनाला दोनशे ग्रॅमचे प्रमाणही स्पष्ट दिसते. माझी या पद्धतीविषयी तक्रार नाही.

स्तंभात जाण्याआधीच अमिनो आम्लांवर खूण चढवणाऱ्या जलद पद्धती गेल्या काही दशकांत फार वाढल्या आहेत आणि त्यांत एक नमुना दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. त्यांपैकी ओपीए हे अभिकर्मक मला खाद्यासाठी नकोसे वाटते, कारण त्याची संयुगे फार काळ टिकत नाहीत, प्रोलीनला ते ओळखत नाही आणि लायसीनच्या दोन्ही अमिनो गटांवर चढल्यावर त्याची प्रतिदीप्ती मंदावते. नेमके जे मोजायचे त्याच्याच बाबतीत दुबळेपणा. इतर अभिकर्मक याहून बरे आहेत. पण खूण चढण्याची अभिक्रिया अर्काच्या सगळ्या गाळासोबत एकाच नळीत होते, म्हणून प्रीमिक्ससारख्या खनिजांनी भरलेल्या नमुन्यात किती टक्के परत मिळाले याचा पुरावा मागितल्याशिवाय हे आकडे स्वीकारू नयेत. वस्तुमान वर्णपटमापक जोडलेली यंत्रे उत्तम आहेत, परंतु ०.१ टक्क्याच्या पातळीवरच्या या कामाला एवढी संवेदनशीलता लागत नाही.

जवळच्या अवरक्त किरणांची एनआयआर पद्धत सोयाबीन पेंड किंवा मक्यातील एकूण अमिनो आम्लांचा अंदाज काही सेकंदांत देते आणि त्या कामासाठी मी ती रोज वापरतो. तयार खाद्यात मिसळलेले अमिनो आम्ल तिने ओळखावे, ही अपेक्षा मात्र अवाजवी आहे. ती मुळात संदर्भ पद्धतीच्या आकड्यांवर शिकवलेली असते आणि मुख्यतः प्रथिनांचा ठसा वाचते. टनाला दोन किलोची भर त्या ठशात हरवून जाते.

अहवालाच्या सादरीकरणात प्रयोगशाळा सर्वांत जास्त कमी पडतात. ‘लायसीन ०.२०’ असे लिहिले की ते शुद्ध लायसीन म्हणून आहे की हायड्रोक्लोराइड म्हणून, हे कळत नाही, आणि दोन्हींत वीस टक्क्यांचा फरक असतो. आकडा आहे त्या ओलाव्यावर की कोरड्या वजनावर, हेही लिहिलेले नसते. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या क्षमतेच्या मानकाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र दाखवले गेले, तरी मान्यतेच्या यादीत एकूण अमिनो आम्लांबरोबर मुक्त अमिनो आम्लेही आहेत का, हे वेगळे पाहावे लागते. पुष्कळदा ती नसतात. नमुन्यासोबतच्या पत्रात ‘मुक्त लायसीन, लायसीन म्हणून, आहे त्या ओलाव्यावर, मेथिओनीनचा स्रोत डीएल’ एवढे चार तपशील मी आता न चुकता लिहितो, आणि तेव्हापासून फोनवरची निम्मी वादावादी संपली आहे.

मुक्त अमिनो आम्लांच्या पद्धतीची मी इतकी बाजू घेतली, म्हणून ती कोठे हात टेकते हेही सांगितले पाहिजे. रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी चरबीचे किंवा पॉलिमरचे आवरण घातलेली अमिनो आम्ले असतात; चरबीचे आवरण सौम्य आम्लाने सुटत नाही, म्हणून ते आधी योग्य द्रावकाने विरघळवून घ्यावे लागते, नाही तर आकडा हमखास कमी येतो. दुसरी अडचण उष्णतेची. पेलेट बनवताना किंवा फार तापवून वाळवताना लायसीनचा काही भाग साखरेशी जखडला जातो. मुक्त लायसीनच्या अर्कात ही घट दिसते, परंतु घातलेच कमी की घातल्यावर जखडले, हे त्यावरून ठरत नाही. आम्लातल्या उकळणीत तर या जखडलेल्या लायसीनपैकी काही पुन्हा सुटे होते आणि जनावराला न मिळणारे लायसीनही एकूण आकड्यात जमा होते. म्हणून अशा खाद्यात मी पेलेटच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने पाठवतो. आणि पेंड स्वतःच करपल्याची शंका असेल, तर कार्पेंटर यांनी १९६० साली मांडलेल्या फ्लोरोडायनायट्रोबेंझीनच्या पद्धतीने किंवा ग्वानिडिनेशन या दुसऱ्या रासायनिक पद्धतीने अभिक्रियाशील, म्हणजे न जखडलेले, लायसीन वेगळे मोजून मागवतो. ही तपासणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा थोड्या आहेत आणि निकालाला वेळ लागतो, पण करपलेल्या पेंडीच्या बाबतीत बाकीचे सर्व आकडे एकत्र केले तरी हे एक उत्तर त्यांतून निघत नाही.